प्रस्तावना: दवाखान्याआधीची चार वर्षं

अमेरिकेत बारावीनंतर सहसा थेट डॉक्टरकीला जाता येत नाही. आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षं वैद्यकीय महाविद्यालय, आणि त्यानंतर शाखेप्रमाणे तीन ते सात वर्षांची रेसिडेन्सी. मराठी घरांत एवढं सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण त्या पहिल्या चार वर्षांत नेमकं काय चालतं याची कल्पना थोड्यांनाच असते. 'मुलगी प्री-मेड करतेय' असं कोणी सांगितलं की ती एखादी पदवी असावी असं ऐकणाऱ्याला वाटतं. बहुतेक कॉलेजांत अशी पदवी नसतेच. विद्यार्थी पदवी जीवशास्त्राची घेतो, रसायनशास्त्राची घेतो, हवी तर इतिहासाची किंवा संगीताचीही घेतो. वैद्यकीय महाविद्यालयांना त्याच्याकडून काही ठरावीक विषय मात्र हवे असतात: दोन सेमिस्टर सामान्य रसायनशास्त्र, दोन सेमिस्टर सेंद्रिय रसायनशास्त्र म्हणजे ऑरगॅनिक, दोन जीवशास्त्र, दोन भौतिकशास्त्र, सगळे प्रयोगशाळेसकट, शिवाय गणित आणि इंग्रजी, आणि अलीकडे जीवरसायनशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र. या यादीला प्री-मेड म्हणतात. हे पुस्तक त्या यादीबद्दल आहे.

यादीत काय असावं यावर शंभराहून अधिक वर्षं वाद चालला आहे, आणि तो वाद पुस्तकात पुढे सविस्तर येईल. पण मी लिहायला बसले ती दुसऱ्याच कारणाने. यादीतले विषय कोणत्या क्रमाने येतात, एक विषय दुसऱ्याच्या आधी का लागतो, आणि सुरुवातीलाच एक पायरी हुकली तर पुढे काय होतं, याकडे फारसं कोणी पाहत नाही. पदवीच्या अटी ठरवणाऱ्या समित्यांत मी बसले आहे. तिथे एखादा विषय घालावा की नाही यावर दोन दोन तास चर्चा होते आणि तो कोणत्या सेमिस्टरला मिळेल हे वेळापत्रक करणाऱ्यावर सोडून दिलं जातं. आणि कोण डॉक्टर होणार, कोण होणार नाही, याचा बराचसा निकाल त्या वेळापत्रकात लागतो.

हे जरा जवळून दाखवते. मी एका छोट्या सरकारी कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवते आणि आरोग्यक्षेत्रात जाऊ पाहणाऱ्या मुलांना विषयनिवडीचा सल्ला देते. अशीच एक विद्यार्थिनी पहिल्या वर्षी माझ्याकडे आली. कॉलेजात येण्याआधीपासून ती एका वृद्धाश्रमात सहायक म्हणून काम करत होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कूस कशी बदलून द्यायची, गिळायला त्रास होत असेल तर घास केवढा करायचा, हे तिला उत्तम येत होतं. तिला डॉक्टर व्हायचं होतं. प्रवेशाच्या वेळी गणिताची चाचणी घेतात. तीत तिला कमी गुण पडले म्हणून तिला आधी बीजगणिताचा वर्ग घ्यायला सांगितलं होतं. बीजगणित झाल्याशिवाय सामान्य रसायनशास्त्राला प्रवेश नव्हता.

वाटतं, एक सेमिस्टर उशीर, त्यात काय मोठं? पण छोट्या कॉलेजात सामान्य रसायनशास्त्राचा पहिला भाग फक्त ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि दुसरा जानेवारीत. ऑगस्ट हुकला की पुढचा ऑगस्ट. त्यामुळे रसायनशास्त्र दुसऱ्या वर्षी गेलं, ऑरगॅनिक तिसऱ्या वर्षी, जीवरसायनशास्त्र चौथ्या. भौतिकशास्त्रालाही बीजगणित आणि त्रिकोणमिती आधी लागते, म्हणून तेही मागे सरकलं. वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा, एमकॅट, हे सगळं झाल्यावरच द्यायची. पदवीबरोबरच थेट प्रवेश हवा असेल तर ती तिसऱ्या वर्षाच्या शेवटी द्यावी लागते, कारण अर्ज त्या उन्हाळ्यात करायचे आणि प्रवेश त्याच्या पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये. आमच्या विद्यार्थिनीची एमकॅट चौथ्या वर्षाच्या अखेरीस गेली, म्हणजे पदवी हातात पडल्यावर आणखी निदान एक वर्ष थांबणं आलं. आणि पदवी मिळाल्यावर सहा महिन्यांनी सरकारी शैक्षणिक कर्जाचे हप्ते सुरू होतात.

हल्ली वैद्यकीय महाविद्यालयांत दाखल होणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक विद्यार्थी मध्ये एखादं वर्ष घेतात, हे मला ठाऊक आहे. ज्याच्या घरून आधार आहे तो त्या वर्षात प्रयोगशाळेत संशोधन करतो, एमकॅटची शिकवणी लावतो, अर्ज भक्कम करतो. ज्याला घरी पैसे पाठवायचे असतात त्याला हे वर्ष परवडत नाही. म्हणजे अठराव्या वर्षी दिलेल्या एका तासाच्या गणिताच्या चाचणीचा परिणाम बाविसाव्या वर्षी जाणवतो, आणि तोही ज्यांच्या शाळेत गणिताचे चांगले शिक्षक नव्हते त्यांनाच. त्या विद्यार्थिनीने माझ्यासमोर आपला चार वर्षांच्या विषयांचा कागद धरला आणि विचारलं, "मग मी नर्सिंगलाच जाऊ का?" मला सांगावं लागलं की नर्सिंगची यादी वेगळी आहे. शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्राचे दोन भाग, सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र, आहारशास्त्र, मानवी विकासाचं मानसशास्त्र. प्री-मेडच्या यादीत यांतलं फारच थोडं येतं. वाट बदलायची म्हटली तरी ती पुन्हा पहिल्या वर्षापासून.

ही व्यवस्था मुद्दाम कोणी वाईट हेतूने रचलेली नाही, आणि म्हणून तिचा इतिहास समजून घेणं आवश्यक आहे. पुस्तकाचा पहिला एक-तृतीयांश भाग त्या इतिहासाला दिला आहे.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत डॉक्टर होणं फार सोपं होतं. गावोगावी खाजगी वैद्यकीय शाळा होत्या, फी भरली की प्रवेश मिळे, आणि कित्येक ठिकाणी रोग्याला हात न लावता पदवी मिळे. १८९३ मध्ये बॉल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्सची वैद्यकीय शाळा सुरू झाली आणि तिने प्रवेशाला पदवीची अट घातली. तिच्याबरोबर जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि फ्रेंच-जर्मन वाचता येण्याचीही. या अटींमागे एक स्त्री होती, हे मला नेहमी सांगावंसं वाटतं. शाळेला पैसे कमी पडत होते तेव्हा मेरी एलिझाबेथ गॅरेट यांनी मोठी देणगी दिली आणि दोन गोष्टी मान्य करून घेतल्या: स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश मिळेल आणि प्रवेशाची पातळी उंच राहील. दार रुंद करणं आणि उंबरा उंच करणं या दोन्ही मागण्या तिथे एकाच हातून आल्या.

पुढे १९१० मध्ये कार्नेगी प्रतिष्ठानाने एब्राहम फ्लेक्सनर यांचा अहवाल छापला. फ्लेक्सनर डॉक्टर नव्हते, केंटकीतल्या लुईव्हिलचे शाळामास्तर होते. अमेरिका आणि कॅनडातल्या १५५ वैद्यकीय शाळा पाहून त्यांनी जे लिहिलं ते आजही अंगावर येतं: प्रयोगशाळेच्या नावाखाली धूळ बसलेल्या चार बाटल्या, शवविच्छेदनाच्या खोलीची दुर्गंधी, दवाखान्याशी कसलाच संबंध नसलेले वर्ग. वैद्यकीय शिक्षणाआधी कॉलेजची निदान दोन वर्षं आणि त्यांत जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र हवंच, हा त्यांचा आग्रह. आज चालणारी यादी सगळीकडे रुजली ती मुख्यतः त्यांच्या अहवालामुळे. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत अमेरिकेतल्या जवळजवळ निम्म्या वैद्यकीय शाळा बंद पडल्या. रोग्यांच्या दृष्टीने पाहिलं तर त्यांतल्या पुष्कळ शाळा बंद पडल्या हे चांगलंच झालं, आणि हे मी आढेवेढे न घेता म्हणते.

पण त्याची किंमत सगळ्यांनी सारखी मोजली नाही. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना डॉक्टर करणाऱ्या त्या वेळी सात शाळा होत्या. वॉशिंग्टनची हॉवर्ड आणि नॅशव्हिलची मेहारी एवढ्या दोनच उरल्या, पाच बंद पडल्या. काळ्या डॉक्टरांनी मुख्यतः सार्वजनिक स्वच्छता-आरोग्याचं काम करावं, असं फ्लेक्सनर यांनी त्या अहवालात लिहिलं आहे आणि त्यामागे गोऱ्या समाजाच्या आरोग्याची काळजी उघड दिसते. त्या पाच शाळा चालू राहिल्या असत्या तर त्यांतून सुमारे ३५,००० डॉक्टर बाहेर पडले असते, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. त्याच वर्षी अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने आपल्या एका पुरस्काराला असलेलं फ्लेक्सनर यांचं नाव काढून टाकलं.

इथे मराठी वाचकाला आनंदीबाई जोशी आठवल्याशिवाय राहणार नाहीत. १८८३ मध्ये त्या फिलाडेल्फियाला पोहोचल्या तेव्हा त्यांच्याकडे कॉलेजची पदवी नव्हती. पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुख होत्या रेचेल बॉडली, स्वतः रसायनशास्त्राच्या प्राध्यापक. त्यांनी आनंदीबाईंना प्रवेश दिला, शिष्यवृत्ती दिली, आणि मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई एम.डी. झाल्या. आजच्या यादीसमोर आनंदीबाई उभ्याच राहू शकल्या नसत्या. म्हणून यादी फेकून द्या, असं मी म्हणत नाही. ज्या मोकळ्या दारातून आनंदीबाई आत आल्या त्याच दारातून फीसाठी वाटेल त्याला डॉक्टर करणाऱ्या शाळांचे विद्यार्थीही आत येत होते. मला आनंदीबाईंच्या उदाहरणात दिसते ती बॉडलीबाईंची नजर: समोरच्या मुलीची तयारी कुठवर आहे हे पाहून उरलेली तयारी करून घेण्याची जबाबदारी त्यांच्या महाविद्यालयाने घेतली. पुढच्या शतकात ही जबाबदारी शाळांनी सोडली आणि विद्यार्थ्यावर टाकली.

यादीवर हल्ले पुष्कळ झाले. १९७८ मध्ये लुईस टॉमस या डॉक्टर-लेखकाने एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की प्री-मेड हा प्रकारच मोडीत काढावा आणि कॉलेजच्या शिक्षणाच्या मध्यभागी अभिजात ग्रीक भाषा ठेवावी. लेख गाजला, बदललं काहीच नाही. १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय शाळेने मात्र प्रयोग करून पाहिला. साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान शिकणाऱ्या मुलांना कॉलेजात असतानाच प्रवेशाचं आश्वासन दिलं आणि ऑरगॅनिक, भौतिकशास्त्र, एमकॅट या तिन्ही गोष्टी माफ केल्या. २०१० मध्ये त्यांनी हिशेब मांडला. परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात या मुलांचे गुण इतरांपेक्षा थोडे कमी होते, पण रोग्यांच्या खाटेजवळच्या शिक्षणात ती मागे पडली नाहीत. ऑरगॅनिकविना डॉक्टर घडतच नाही, असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांनी ही आकडेवारी शांतपणे वाचावी.

आणि तरीही यादी आखूड झाली नाही, वाढली. २००९ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांची संघटना आणि हॉवर्ड ह्यूज संस्था यांनी मिळून एक अहवाल काढला: विषयांची नावं मोजू नका, विद्यार्थ्याला काय करता येतं ते पाहा. विचार उत्तम होता. २०१५ मध्ये नवी एमकॅट आली. तीत जीवरसायनशास्त्राला महत्त्व आलं आणि मानसशास्त्र-समाजशास्त्राचा एक पूर्ण विभाग आला. परीक्षेला रोग्याच्या घरची परिस्थिती विचारावीशी वाटली याचा मला खरा आनंद झाला. पण कॉलेजांनी काय केलं? नवे विषय जोडले आणि जुना एकही काढला नाही. पदवी १२० क्रेडिटची. त्यांतला मोठा भाग सर्वसाधारण शिक्षणाच्या अटींत जातो, उरलेल्यात मुख्य विषय, आणि त्या दोहोंच्या फटीत प्री-मेड. प्रत्येक समितीला काहीतरी घालता येतं. काढायचं म्हटलं की एखाद्या विभागाचे विद्यार्थी कमी होतात, विद्यार्थी कमी झाले की त्या विभागाच्या जागा धोक्यात येतात. यात कोणाला दोष देण्यासारखं नाही. माझ्याच शेजारच्या खोलीत बसणाऱ्या सहकाऱ्याच्या नोकरीचा तो प्रश्न असतो.

आशय बदलायचा म्हणजे काय, याचं मला सर्वांत आवडलेलं उदाहरण मेरिलँड विद्यापीठातलं आहे. तिथे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जो रेडिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी भौतिकशास्त्राचा वेगळा अभ्यासक्रम बांधला. जुन्या अभ्यासक्रमात मुलं उतरणीवरून ठोकळे घसरवतात, तोफेचा गोळा कुठे पडेल ते काढतात. नव्यात ती विसरण शिकतात, द्रवाचा प्रवाह शिकतात, पेशीच्या आतल्या रेणूंची यादृच्छिक धावपळ शिकतात. नळीतून द्रव किती वाहील याचा नियम प्वाझय या फ्रेंच डॉक्टरने शोधला: दाब तोच ठेवून नळीची त्रिज्या निम्मी केली तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. हे एकदा कागदावर स्वतः काढलेल्या मुलीला रक्तवाहिनी थोडीशीच अरुंद झाली तर एवढा गहजब का होतो हे वेगळं सांगावं लागत नाही.

त्याच प्रयत्नांत आणखी एक गोष्ट उजेडात आली आणि ती मी माझ्या वर्गातही रोज पाहत होते. जीवशास्त्राच्या तासाला आम्ही शिकवतो की पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपी या रेणूमधला बंध तुटतो आणि ऊर्जा मिळते. रसायनशास्त्राच्या तासाला तेच विद्यार्थी शिकतात की कोणताही बंध तोडायला ऊर्जा घालावी लागते. ऊर्जा सुटते ती नवे, अधिक घट्ट बंध जुळताना. दोन्ही तासांच्या परीक्षेत मुलं दोन परस्परविरोधी उत्तरं लिहितात आणि दोन्हींत पैकीच्या पैकी गुण मिळवतात. खरं असं की एटीपीची पाण्याशी अभिक्रिया होते, जुने बंध तुटतात, नवे जुळतात आणि एकूण हिशेबात ऊर्जा सुटते. हे समजायला विद्यार्थ्याला आणखी एका विषयाची गरज नाही. दोन शिक्षकांनी एकदा एकत्र बसून आपल्या टिपणवह्या शेजारी शेजारी ठेवायची गरज आहे. पदवीच्या अटींच्या सुधारणेत हे काम कुठेच मोजलं जात नाही, कारण त्याला क्रेडिट नसतं.

मिनेसोटा विद्यापीठाने रॉचेस्टरला, मेयो क्लिनिकच्या गावात, नेमक्या याच कामासाठी एक नवं आवार उभं केलं. २००९ पासून तिथे आरोग्यविज्ञानाची पदवी आहे. वर्ग भरतात ते गावातल्या एका मॉलच्या वरच्या मजल्यांवर. रसायनशास्त्र, जीवशास्त्र, संख्याशास्त्र, तत्त्वज्ञान शिकवणारे सगळे एकाच विभागात, त्यामुळे कोणाला कोणाच्या जागेची भीती नाही. शेवटच्या वर्षी विद्यार्थी आपली दिशा ठरवून स्वतःचा अभ्यास स्वतः आखतो. कोणी प्रयोगशाळेत, कोणी दवाखान्यात. सगळ्या कॉलेजांना असं नव्याने सुरू करता येणार नाही. पण विभागांच्या भिंती नसतील तर किती सहज जमतं, हे तिथे दिसतं.

आता न्यू ऑर्लीन्सची झेव्हियर. या कॉलेजावर पुस्तकात मी सर्वांत मोठं प्रकरण लिहिलं आहे, कारण माझ्या म्हणण्याचा सगळा आधार तिथे आहे. ही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी कॅथरीन ड्रेक्सेल या ननने स्थापलेली कॅथलिक संस्था, १९२५ पासून विद्यापीठ. विद्यार्थी तीन हजारांच्या आसपास, श्रीमंत नाही, प्रवेशाला फार कडक नाही. आणि तरीही वर्षानुवर्षं देशातल्या कुठल्याही कॉलेजापेक्षा अधिक कृष्णवर्णीय पदवीधर इथून वैद्यकीय महाविद्यालयांत जात आले आहेत. यादी तीच. ऑरगॅनिक तिथेही दोन सेमिस्टर. फरक आहे तो मांडणीत. सामान्य रसायनशास्त्राच्या सगळ्या तुकड्यांना प्राध्यापकांनी मिळून लिहिलेली एकच कार्यपुस्तिका, त्यामुळे कोणता शिक्षक मिळाला यावर नशीब अवलंबून नाही. वारंवार छोट्या चाचण्या, म्हणजे कोणी मागे पडला तर ते सप्टेंबरमध्येच कळतं, डिसेंबरच्या निकालात नाही. अभ्यास गटाने करायचा, पुढच्या वर्गातल्या मुलांनी मागच्यांना शिकवायचं. आणि शाळेतच असलेल्या मुलांसाठी उन्हाळी वर्ग: गणित, रसायन, जीवशास्त्र, तर्कशुद्ध विचार. बीजगणितात अडून पडायची वेळच येऊ नये म्हणून कॉलेज दोन वर्षं आधीपासून हात पुढे करतं. २००५ मध्ये कटरिना वादळात सगळं आवार पाण्याखाली गेलं. जानेवारी २००६ मध्ये वर्ग पुन्हा सुरू झाले. अशा माणसांनी शिकवण्याची शिस्त बांधली की काय होतं, हे ज्यांना पाहायचं असेल त्यांनी झेव्हियर पाहावं. बॉडलीबाईंनी एका आनंदीबाईसाठी केलं ते तिथे दरवर्षी शेकडोंसाठी केलं जातं.

२०२२ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात जे झालं ते याच्या अगदी उलट टोकाचं. ऑरगॅनिकचं नावाजलेलं पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्या, चौऱ्याऐंशी वर्षांच्या प्राध्यापकांच्या वर्गातल्या सुमारे ३५० विद्यार्थ्यांपैकी ८२ जणांनी तक्रारअर्जावर सह्या केल्या: विषय गरजेपेक्षा कठीण करून शिकवला जातो. विद्यापीठाने प्राध्यापकांचा करार संपवला. देशभर दोन तट पडले; एका बाजूला 'मुलं आळशी झाली', दुसऱ्या बाजूला 'हा विषय चाळणीसाठीच ठेवलाय'. त्या सगळ्या गदारोळात, ऑरगॅनिकचा कोणता भाग होऊ घातलेल्या डॉक्टरला लागतो, हा प्रश्न मला फार थोड्या ठिकाणी वाचायला मिळाला. कार्बोनिल गटाचं रसायनशास्त्र लागतं. साखरेचं, चरबीचं, प्रथिनांचं सगळं चयापचय त्यावर उभं आहे. प्रयोगशाळेत मोठे रेणू पायरीपायरीने रचण्याच्या युक्त्या, ज्यांवर दुसऱ्या सेमिस्टरचा बराच वेळ जातो, त्या संशोधक रसायनज्ञाला लागतात. दोघांना एका वर्गात बसवून एकाच्या गरजेची परीक्षा दुसऱ्याला द्यायला लावणं न्याय्य नाही.

दरवर्षी पन्नास हजारांहून अधिक जण अमेरिकेत वैद्यकीय प्रवेशासाठी अर्ज करतात आणि सुमारे २३,००० जणांना जागा मिळते. म्हणजे अर्ज करण्यापर्यंत पोहोचलेल्यांतलेही निम्म्याहून अधिक बाहेर राहतात. ऑरगॅनिकच्या आधीच गळालेले तर या हिशेबात येतच नाहीत. त्यांचं काय होतं? फिजिशियन असिस्टंट, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, फार्मसिस्ट, नर्स, सार्वजनिक आरोग्याचे कार्यकर्ते, या सगळ्यांची या देशाला गरज आहे, आणि आरोग्यक्षेत्रात जाऊ पाहणाऱ्या मुलांना सल्ला देताना मी हे सगळे रस्ते एका दर्जाचे मानते. म्हणून पदवीच्या अटी फक्त डॉक्टरकीकडे तोंड करून आखू नयेत. शरीररचना-शरीरक्रियाशास्त्र आणि संख्याशास्त्र जवळपास सगळ्यांना लागतं, आणि प्री-मेडच्या जुन्या यादीत नेमकं हेच दोन्ही नाही. पहिल्या दोन वर्षांत ते सगळ्यांना दिलं तर तिसऱ्या वर्षी वाट बदलणाऱ्याला मागे जावं लागणार नाही.

न्यू जर्सीतल्या एका ओळखीच्या ताई मला दर उन्हाळ्यात फोन करतात. "बायोलॉजीच घ्यायला हवं ना गं? सगळे तेच घेतात." सगळे तेच घेतात हे खरं आहे; अर्ज करणाऱ्यांत निम्म्याहून अधिक जीवशास्त्राचेच असतात. पण घ्यायला हवं असं नाही, आणि जीवशास्त्राची पदवी पुष्कळ ठिकाणी भावी संशोधकांसाठी आखलेली असते हेही त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. या पुस्तकातली तीन प्रकरणं त्यांच्यासारख्या आईबापांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे दूरचं वाटू शकेल. तिथे 'नीट' ही प्रवेशपरीक्षा दिली, गुण पडले की एमबीबीएस, साडेचार वर्षं आणि वर्षभराची इंटर्नशिप. चार वर्षं आधीच्या पदवीचा प्रश्नच नाही. पण २०१९ पासून भारतातही एमबीबीएसचा अभ्यासक्रम क्षमताधारित झाला, सुरुवातीला पायाभूत वर्ग आला, रोग्याशी बोलण्याचं आणि नीतीचं शिक्षण त्यात आलं. भर पडली. काय कमी झालं, आणि जिल्ह्याच्या गावातून आलेल्या मुलाला पहिल्या वर्षाच्या शरीररचनेत कोणी हात दिला, हे विचारणाऱ्याला इथल्या अनुभवाचा उपयोग होईल असं मला वाटतं.

शेवटच्या भागात आमच्या कॉलेजात मांडलेला आराखडा जसाच्या तसा दिला आहे, त्यावरच्या आक्षेपांसकट. बीजगणित आणि सामान्य रसायनशास्त्र एकाच सेमिस्टरमध्ये, एकाच आठवड्याच्या वेळापत्रकात, रसायनशास्त्राला लागणारं गणित त्याच आठवड्यात. रसायनशास्त्राचा पहिला भाग ऑगस्ट आणि जानेवारी, दोन्ही वेळा. ऑरगॅनिक एक सेमिस्टर, लगेच जीवरसायनशास्त्र. शरीरक्रियाशास्त्र आणि संख्याशास्त्र सगळ्यांना. पहिल्या दोन गोष्टींना शेवटी मान्यता मिळाली. ऑरगॅनिकच्या दुसऱ्या सेमिस्टरवर अजून वाद चालू आहे आणि त्यात आमच्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांचा मुद्दा बिनतोड आहे: काही वैद्यकीय महाविद्यालयं त्याजागी जीवरसायनशास्त्र चालवून घेतात, काही अजून दोन्ही सेमिस्टर मागतात. आम्ही तो भाग काढूनच टाकला तर आमचा विद्यार्थी त्या दुसऱ्या महाविद्यालयांत अर्जच करू शकणार नाही. म्हणून सध्या तो विषय ऐच्छिक ठेवून शेजारी कोणतं महाविद्यालय काय मागतं याचा तक्ता लावला आहे. तो दर ऑगस्टमध्ये नव्याने तपासावा लागतो, आणि जोवर वैद्यकीय महाविद्यालयं आपल्या याद्या एकमेकांशी जुळवत नाहीत तोवर तो तपासत राहावा लागेल.